ज्याला ऑर्गन वाजवता येत नव्हता, त्याचाच ऑर्गन आज आपल्या फोनमध्ये: लॉरेन्स हॅमंडची गोष्ट

फोनमधलं एखादं कीबोर्ड वाजवायचं ॲप उघडा आणि आवाजांची यादी खाली सरकवत जा. पियानो, बासरी, स्ट्रिंग्स... आणि मग ऑर्गन. त्यात बऱ्याचदा एक ऑर्गन असा असतो, की तो निवडला की स्क्रीनवर नऊ दांड्या येतात, कमीजास्त ओढायच्या. शेजारी स्लो आणि फास्ट असं एक बटण. ते दाबलं की सूर लगेच बदलत नाही. तो हळूहळू गरगरायला लागतो, एखादा पंखा वेग घेतो तसा.

मी नगर जिल्ह्यातला. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. गावाकडे रविवारी चर्चमध्ये आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्या जिल्ह्यात पट्ट्यांची वाद्यं काही नवीन नाहीत. भजनाची पेटी गावोगाव आहे, आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे चर्चची परंपराही जुनी. ऑर्गन म्हटलं की आपल्या घरच्या मोठ्यांना मात्र बालगंधर्वांची नाटकं आठवतात. तो ऑर्गन वेगळा. पायानं भाता मारायचा, हवा आत जाते, आतली पितळी पत्ती थरथरते आणि सूर निघतो. पेटीचाच मोठा भाऊ म्हणा.

ॲपमधल्या त्या नऊ दांड्यांच्या ऑर्गनमध्ये हवा नाहीच. मुळात ते यंत्र होतं: विजेची मोटर, तिच्यावर फिरणारी लोखंडी चाकं, आणि शेवटी आवाज गोल फिरवत बाहेर फेकणारा स्पीकर. पेडल आणि बाकासकट वजन दोनशे किलोच्या आसपास. आज त्या सगळ्याची नक्कल सॉफ्टवेअर करतं. याला एम्युलेशन म्हणतात, म्हणजे जुन्या यंत्राचा नुसता रेकॉर्ड केलेला आवाज नाही, तर ते यंत्र आतून कसं वागायचं त्याचीच नक्कल. आणि ती नीट कळायची असेल तर ज्यानं हे यंत्र बनवलं त्याचं आयुष्य बघावं लागतं. कारण त्यानं जे आयुष्यभर दोष म्हणून काढायचा प्रयत्न केला, तेच आजचे प्रोग्रामर मेहनत घेऊन परत घालतायत.

बँक बुडाली तिथून

लॉरेन्स हॅमंडचा जन्म ११ जानेवारी १८९५ चा, अमेरिकेत शिकागोजवळच्या एव्हन्स्टन गावी. वडील बँकर. बँक बुडाली आणि वडिलांनी आत्महत्या केली. लॉरेन्स तेव्हा इतका लहान होता की त्याला शाळेतही घातलेलं नव्हतं. आई चित्रकार. ती मुलांना घेऊन युरोपात गेली, त्यामुळे त्याचं लहानपण जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये गेलं. फ्रेंच आणि जर्मन भाषा तो तिथेच शिकला. चौदाव्या वर्षी त्यानं मोटारीसाठी आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा कागदावर मांडली आणि ती रेनॉ कंपनीला दाखवली गेली, असं सांगतात. कंपनीनं नको म्हटलं. तो साधारण १९०९ चा काळ. आपल्याकडे मोटार बघायला तेव्हा गर्दी जमायची.

पुढे अमेरिकेत परत येऊन १९१६ मध्ये त्यानं कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये सैन्यात होता, मग डेट्रॉइटला बोटींची इंजिनं बनवणाऱ्या ग्रे मोटर कंपनीत मुख्य इंजिनिअर झाला. चांगली नोकरी होती. पण १९२० च्या सुमारास त्यानं टिकटिक न करणारं घड्याळ बनवलं (चावीचं यंत्र आवाज अडवणाऱ्या डबीत बंद करायचं, एवढीच युक्ती), त्याचे पैसे आले, आणि नोकरी सोडून तो न्यूयॉर्कला स्वतःचं काम करायला मोकळा झाला.

तिथे त्यानं काय केलं माहितीये? थ्रीडी सिनेमा. डिसेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्विन थिएटरमध्ये त्याचा टेलीव्ह्यू लागला. प्रत्येक खुर्चीला एक बघायचं यंत्र जोडलेलं. पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याचं चित्र आळीपाळीनं पडायचं, आणि खुर्चीवरच्या यंत्रातली फिरती झडप त्याच तालात एकेक डोळा झाकायची. मध्यंतरी आलेल्या काही थ्रीडी टीव्हींचे चार्ज करायचे चष्मे याच तत्त्वावर चालायचे. खर्च इतका की एकाच थिएटरमध्ये बसवलं गेलं आणि काही आठवड्यांत खेळ आटोपला.

धंदा बुडाला, पण खरा मुद्दा त्या झडपेत आहे. प्रोजेक्टर आणि शेकडो झडपा एकाच तालात फिरवायच्या तर सगळ्या मोटरी एकमेकींना धरून चालायला हव्यात. त्यासाठी हॅमंडला जी मोटर हवी होती ती म्हणजे सिंक्रोनस मोटर. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ठरावीक वेळा उलटसुलट होतो: आपल्याकडे ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा. सिंक्रोनस मोटर नेमकी त्या तालावर फिरते. थोडी पुढे नाही, थोडी मागे नाही. माझ्या मते हॅमंडनं आयुष्यभर एकच गोष्ट केली, ही मोटर वेगवेगळ्या डब्यांत बसवत गेला.

१९२८ मध्ये ती घड्याळात बसली. हॅमंड क्लॉक कंपनी निघाली, विजेवरची घड्याळं खपू लागली. मग महामंदी आली. घड्याळाचा बाजार कोसळला, आणि कंपनी जगवायला त्यानं १९३२ मध्ये पत्ते आपोआप पिसून वाटणारं टेबल काढलं. तेही त्याच मोटरीच्या जोरावर. त्या नाताळात ते बरं खपलं. पण पत्त्यांच्या टेबलावर कारखाना किती दिवस चालणार?

रसवंतीतलं चाक

१९३३ मध्ये हॅमंडनं १५ डॉलरला एक जुना पियानो आणला, आतलं सगळं काढून टाकलं आणि फक्त पट्ट्या ठेवल्या. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं. कंपनीच्या हिशेबाचं काम बघणारा डब्ल्यू. एल. लाही हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्याला बोलावून हा सूर कसा वाटतो, तो कसा वाटतो, असं विचारत काम पुढे गेलं. आतली कल्पना समजायला आपल्याकडे नगर-मनमाड रस्त्यावर कुठल्याही रसवंतीत थांबा. उसाच्या चरकाच्या चाकाला घुंगरू बांधलेले असतात. चाक फिरलं की छुम छुम. आता समजा एका फेरीत एकाऐवजी सोळा वेळा वाजलं, आणि चाक सेकंदाला सत्तावीस फेऱ्या मारतंय. मग वेगळे ठोके ऐकू येणारच नाहीत, त्यांचा मिळून एक सूर होईल.

हॅमंडच्या ऑर्गनमध्ये घुंगरांच्या जागी चाकाच्या कडेला उंचवटे आहेत आणि शेजारी लोहचुंबक व तारेचं वेटोळं. सायकलचा डायनामो असतो तसंच. उंचवटा चुंबकासमोरून गेला की तारेत विजेची एक बारीक लाट उठते. मोठ्या मॉडेलमध्ये अशी ९१ चाकं, सगळी एकाच मोटरीवर, गिअरनं जोडलेली. हिशोब बघा: मुख्य दांडा सेकंदाला २० फेऱ्या. गिअरचे दाते ८८ आणि ६४, म्हणून चाकाच्या फेऱ्या २७.५. चाकावर उंचवटे १६. गुणाकार ४४०, म्हणजे जगभर ज्याच्यावर वाद्यं लावतात तो ए सूर, तंतोतंत. सगळे सूर मात्र असे बरोबर बसत नाहीत. मधल्या सी साठी गिअर ८५ आणि १०४ दात्यांचे. उत्तर येतं २६१.५४, हवं असतं २६१.६३. दाते अर्धे पाडता येत नाहीत ना! कानाला हा फरक कळत नाही, पण चांगलं सॉफ्टवेअर हेच दाते मोजून सूर ठरवतं, बरोबर आकडा घेत नाही.

ही कल्पना अगदी पहिली त्याची नव्हती, हे सांगायलाच हवं. थॅडियस केहिल नावाच्या माणसानं १८९७ मध्येच फिरत्या यंत्रांतून संगीत काढायचं पेटंट घेतलं होतं. त्याचं टेलहार्मोनियम १९०६ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं, वजन दोनशे टनांच्या आसपास, आणि संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत पोचवलं जायचं. म्हणजे स्ट्रीमिंगच की! पण तेव्हा ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून वीज भरपूर लागायची आणि यंत्र राक्षसी व्हायचं. हॅमंडच्या काळात रेडिओमुळे ॲम्प्लिफायर आलेला होता. बारीकशी लाटही मोठी करता येत होती.

आणि त्या नऊ दांड्या? त्यांना ड्रॉबार म्हणतात. एक पट्टी दाबली की नऊ वेगवेगळ्या चाकांचे सूर मिळतात: मूळ सूर, त्याच्या वरचे आणि खालचे. कोणता किती घ्यायचा ते दांडी शून्य ते आठ किती ओढता त्यावर. मिसळीत फरसाण किती, तर्री किती, तसंच. कागदावर हिशोब केला तर नऊ दांड्यांच्या ३८ कोटी ७४ लाखांहून जास्त जुळण्या होतात. वाजवणारे त्यातल्या दहा-बाराच वापरतात, ही गोष्ट वेगळी.

जानेवारी १९३४ मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि २४ एप्रिलला मंजूरही झाला. मंदीत लोकांना काम मिळेल म्हणून घाई केली गेली असं म्हणतात. १९३५ मध्ये ऑर्गन बाजारात आला, किंमत साधारण १,२५० डॉलर. हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन हे अगदी सुरुवातीचे ग्राहक. पण खरा ग्राहक होता लहान चर्च. मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन म्हणजे भिंतभर नळ्या आणि डोळे पांढरे करणारी किंमत. पहिल्या तीन वर्षांत १,७५० हून जास्त चर्चनी हॅमंड घेतला.

पाइप ऑर्गनवाले चिडले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे प्रकरण गेलं: हॅमंड कंपनी जाहिरातीत पाइप ऑर्गनसारखा आवाज म्हणते, ते खोटं आहे. मग शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये चाचणी झाली. एक खरा, प्रचंड महागडा पाइप ऑर्गन, एक हॅमंड, आणि कोणता वाजतोय ते दिसू न देता ऐकायला बसवलेले संगीतकार आणि विद्यार्थी. विद्यार्थ्यांचे जवळपास निम्मे अंदाज चुकले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. जाणकारांचेही साधारण तीनातला एक अंदाज चुकला. १९३८ मध्ये कमिशननं काही दावे बंद करायला सांगितले, पण तोवर सगळ्या देशाला कळलं होतं की फरक ओळखणं किती अवघड आहे. फुकट जाहिरात झाली.

वीज बदलली की सूर बदलतो

या यंत्राची एक गंमत आपल्याला चांगली कळेल. सूर विजेच्या तालावर ठरतो. अमेरिकेतला ६० वाला ऑर्गन तसाच आणून आपल्या ५० च्या विजेवर लावला तर मोटर मंद फिरेल आणि ४४० चा सूर ३६७ च्या आसपास येईल. पेटीच्या भाषेत तीन पट्ट्या खाली! आणि आमच्या जत्रेतल्या जनरेटरवर लावला असता तर? हॅलोजन पेटले, जनरेटर दबला, की गायकाचा सूर तिथेच आणि ऑर्गन घसरतोय खाली. शिवाय ही मोटर स्वतःहून सुरूही होत नाही. आधी स्टार्टचं बटण दाबून दुसऱ्या मोटरीनं आठ-दहा सेकंद वेग द्यायचा, मग रनचं बटण. फोनमधल्या नकलेला यातलं काहीच लागत नाही. हा भाग प्रोग्रामरनं परत घातला नाही तरी चालतं.

फिरणारा स्पीकर, आणि त्याचा राग

आता स्लो-फास्टचं बटण. ते हॅमंडचं नाहीच.

डॉन लेस्ली हा कॅलिफोर्नियात राहणारा, रेडिओ-स्पीकरच्या दुरुस्तीतला माणूस. मोठ्या हॉलमध्ये ऐकलेला हॅमंड त्याला आवडला, पण घरात वाजवला तेव्हा सपाट वाटला. खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सूर वेगळ्या नळीतून, वेगळ्या जागेवरून येतो. तो जिवंतपणा आणायला त्यानं आवाजाचं तोंडच फिरवायचं ठरवलं. लाकडी कपाटात वर एक फिरता कर्णा, त्यातून उंच सूर. खाली जमिनीकडे तोंड केलेला मोठा स्पीकर आणि त्याच्याखाली फिरता ड्रम, त्यातून खर्जाचे सूर.

दौंड-मनमाड लाइनवर फाटकात उभे असताना गाडीचा हॉर्न ऐकलाय ना? गाडी येताना आवाज चढा आणि पुढे गेली की एकदम उतरलेला. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. कर्णा फिरताना अर्धा वेळ आपल्याकडे येतो, अर्धा वेळ लांब जातो, म्हणून सूर सतत जरासा चढतो-उतरतो, लहानमोठा होतो, आणि खोलीच्या वेगवेगळ्या भिंतींवर आपटून परत येतो. स्लोमध्ये मिनिटाला साधारण ४० फेऱ्या, फास्टमध्ये ४०० च्या आसपास. हलका कर्णा पटकन वेग घेतो, जड ड्रमला काही सेकंद लागतात. बटण दाबल्यावर सूर हळूहळू गरगरतो तो यामुळे.

लेस्ली हे घेऊन हॅमंडकडे गेला. हॅमंडनं नाकारलं. त्याच्या दृष्टीनं त्याच्या ऑर्गनचा आवाज पुरा होता. बाहेरच्या कुणी त्यात ढवळाढवळ करावी हे त्याला मुळीच आवडलं नाही. १९४१ पासून लेस्ली स्वतःच स्पीकर विकायला लागला. पुढची कित्येक वर्षं हॅमंड कंपनीनं त्याला जवळ केलं नाही. आणि वाजवणारे? ते दोन्ही घेऊन एकत्र जोडत राहिले.

इथे मला हॅमंडची बाजू समजते, पण पटत नाही. त्याच्यासाठी ऑर्गन म्हणजे इंजिनिअरिंगचा प्रश्न होता: सूर स्थिर हवा, स्वच्छ हवा. म्हणूनच पट्टी दाबताना येणारी टिक त्याच्या कंपनीला दोष वाटायची. पट्टीखाली नऊ तारा असतात, त्या एकाच क्षणी जुळत नाहीत, त्यामुळे सुराच्या आधी बारीक टिक असा आवाज येतो. कंपनीनं तो कमी करायचा खटाटोप केला. शेजारच्या चाकांचा आवाज तारांतून गळायचा, तोही नकोच होता. पण १९५४ मध्ये बी-३ मॉडेल आलं आणि जिमी स्मिथसारख्या जॅझवाल्यांनी त्या टिकेलाच ठेका बनवलं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल संगीत या ऑर्गनवर आणि लेस्लीवर उभं राहिलं. पुढे डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनं हाच ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून कर्कश करून रॉकमध्ये नेला. पाइप ऑर्गनची स्वस्त नक्कल म्हणून बनवलेलं वाद्य स्वतःच अस्सल झालं.

हॅमंड मात्र त्याच्या पद्धतीनं नवीन काढतच राहिला. १९३९ मध्ये १६३ रेडिओ-व्हॉल्व्हचं नोव्हाकॉर्ड, चाकांशिवाय सूर काढणारं, काळाच्या फार पुढचं आणि म्हणून फारसं न खपलेलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बॉम्बच्या नियंत्रणाची कामं. १९५५ मध्ये त्यानं कंपनीचं अध्यक्षपद सोडलं, १९६० मध्ये पूर्ण निवृत्त झाला, त्यानंतरही पेटंटं घेत राहिला. एकूण शंभरहून जास्त. जुलै १९७३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कनेक्टिकट राज्यातल्या कॉर्नवॉल इथे तो वारला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच चाकांचे ऑर्गन बनवणं कंपनीनं थांबवलं. आणि १९८० मध्ये हॅमंड कंपनीनं लेस्लीचा स्पीकर विकत घेतला.

फोनमध्ये ते कसं बसतं

प्रत्येक पट्टीचा आवाज रेकॉर्ड करून ॲपमध्ये टाकणं हा सोपा मार्ग. पियानोला तो चालतो. इथे फसतो, कारण दांड्यांच्या जुळण्या कोटींत आहेत आणि स्पीकरचा कर्णा त्या क्षणी कुठे तोंड करून आहे त्यावर आवाज बदलतो. म्हणून चांगली सॉफ्टवेअर यंत्रच पुन्हा बांधतात. ९१ चाकं सतत फिरतायत असं धरायचं, पट्टी दाबली की फक्त त्यातल्या नऊंचं दार उघडायचं. दोन पट्ट्यांना एकच चाक लागत असेल तर ते एकच राहतं, दुसरं बनत नाही. एवढा हिशोब आजच्या साध्या फोनलाही जड नाही.

सेटबीफ्री नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसाठी मिळतं. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, आणि मला सगळ्यात जास्त तिथेच कळलं. त्याच्या सेटिंगमध्ये पट्टीची टिक किती हवी, याला आकडा आहे. शेजारच्या चाकांचा आवाज किती गळावा, तारांमधून किती, जोडपट्टीवरून किती, असे वेगवेगळे आकडे आहेत. कर्णा किती वेळात वेग घेतो आणि ड्रम किती वेळात, तेही वेगळं. हॅमंडनं हे वाचलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

करून बघायचं असेल तर तुमच्या ॲपमध्ये डावीकडच्या पहिल्या तीन दांड्या पूर्ण ओढा, बाकी सहा बंद ठेवा. एक लांब सूर धरा, स्लोवर दोन-चार सेकंद थांबा आणि मग फास्ट करा. उंच सूर आधी पळतो आणि खर्ज मागून येतो का ते ऐका. येत नसेल तर त्या ॲपमध्ये फिरता स्पीकर नाही, नुसता थरथरणारा इफेक्ट टाकलाय. आणि हो, हे ऐकताना इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत इतका उशीर होतो की ती टिक बोटाशी जुळतच नाही.